ईएसआय नाही, मग काय? वऱ्हाडातल्या जिनपासून एचआरच्या खुर्चीपर्यंत

कोणी बडनेऱ्याहून सुटलेल्या गाडीत खिडकीशी असेल, कोणी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, कोणी रात्री अंथरुणात हेडफोन लावून. आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे: एचआर, कामगार कायदे आणि ज्याला ऑफिसात सगळे ‘कंप्लायन्स’ म्हणतात ते. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. या विषयात माझी स्वतःची एक चूक आहे आणि ती चूक समजून घ्यायला मला एकशे चाळीस वर्षं मागे जावं लागलं. म्हणून आज इतिहास.

सुरुवात माझ्यापासून करते.

२०२१ चा डिसेंबर. एमबीए झालं होतं, एचआर घेऊन. अमरावती जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मला पहिली नोकरी लागली. पद काय, तर एचआर ट्रेनी. काम काय, तर हजेरीचं मस्टर उतरवणं, पीएफचं चलन भरणं, ठेकेदाराची बिलं तपासणं. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत रुईचा धुराळा. घरी आले की आई म्हणायची, केस पांढरे करून आलीस.

त्या हंगामात एका माणसाचा हात मशीनमध्ये गेला. ठेकेदाराचा माणूस, धारणी तालुक्यातला, वय ३५. जिनमध्ये अडकलेली रुई काढायला गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, हे खरं आहे. आठ-दहा दिवसांनी त्याची बायको गेटवर आली. मला म्हणाली, “मॅडम, आता काही भेटन का?”

मी आत गेले आणि आमच्या अकाउंटवाल्या काकांना विचारलं. ते मान वर न करता म्हणाले, “ईएसआय आपल्याले लागू नाही. सीझनल फॅक्टरी आहे आपली.”

मी बाहेर येऊन तिला तेच सांगितलं. लागू नाही. तिने एका चिठ्ठीवर आपला मोबाइल नंबर लिहून घ्यायला लावला. म्हणाली, काही झालं तर सांगाल. आणि गेली.

गंमत अशी की काका खोटं बोलले नव्हते. कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय, हंगामी कारखान्यांना लागू नव्हता आणि हंगामी कारखाना म्हणजे काय याच्या यादीत पहिलंच नाव होतं कापसाच्या जिनिंगचं. वाक्य बरोबर होतं. पण ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं मला माहीत नव्हतं आणि मी एचआर होते.

हे ‘लागू नाही’ आलं कुठून? चला, मागे जाऊ.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. कागदावर मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर आली. १८६७ पर्यंत भुसावळहून अकोला, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या छोट्या रेल्वेफाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. एका तालुक्याच्या गावी व्हॉइसरॉय कशाला येईल? कापसासाठी!

रेल्वेच्या मागोमाग वाफेवर चालणारे जिन आले. जुनी माणसं अजूनही त्याला ‘रेचा’ म्हणतात. रेच्यात सरकी वेगळी, रुई वेगळी. मग प्रेसमध्ये रुईच्या गठाणी. काम हंगामाचं. दिवाळीच्या आसपास सुरू, उन्हाळ्याच्या तोंडावर बंद. कामाला कोण? शेतमजूर, त्यात बाया खूप, पोरंही. आणि त्यांना आणणारा, हजेरी घेणारा, पैसे वाटणारा, हाकलून देणारा एकच माणूस: मुकादम. आज ज्याला आपण एचआर म्हणतो ना, त्याची सगळी कामं तेव्हा मुकादम करायचा. फक्त कायदा त्याला कोणी शिकवला नव्हता, कारण कायदाच नव्हता.

मग १८८१ मध्ये हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. तो कोणाला लागू? जिथे १०० किंवा जास्त माणसं काम करतात आणि जे वर्षातून किमान चार महिने चालतात अशा कारखान्यांना. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल काहीच नाही.

आता त्या दोन अटी परत बघा. १०० माणसं. चार महिने. मुंबईच्या कापड गिरण्या वर्षभर चालायच्या, त्या यात बसल्या. आपले रेचे लहान आणि हंगामी, ते अलगद बाहेर राहिले. शिवाय वऱ्हाड कागदावर निजामाचं असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानातला कायदा इथे आपोआप येतही नसे. वेगळा हुकूम काढून तो लागू करावा लागे.

हंगामात काय चालायचं? शेजारच्या खानदेशातली माहिती आहे. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे ज्या साक्षी झाल्या, त्यांत तिथल्या जिनबद्दल सांगितलं गेलं की पहाटे चार-पाचला कामाला लागलेल्या बाया रात्री उशिरापर्यंत तिथेच असत आणि हंगामाच्या जोरात तर दिवस-रात्र काम चाले. कापूस तोच, रेचे तसेच, फक्त जिल्हा वेगळा.

याच कमिशनच्या वेळी मुंबईत एक माणूस उभा राहिला. नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. ते स्वतः एका गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे गेटच्या आतलं सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचं निवेदन कमिशनला दिलं. आठवड्याची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, पगार वेळेवर द्या. रविवारची सुट्टी पुढे १० जून १८९० ला गिरणीमालकांनी मान्य केली, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल.

पण त्या निवेदनात आणखी एक मागणी होती, ती फार कोणी सांगत नाही. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. वर्ष १८८४. हे वाचलं तेव्हा मला गेटवरची ती बाई आठवली. तिचा प्रश्न लोखंड्यांनी एकशे सदतीस वर्षांपूर्वी लिहून दिला होता.

पुढे १८९१ मध्ये १०० चा आकडा ५० वर आला, पण हंगामी रेच्यांची पळवाट बुजली नाही. आणि आता वऱ्हाडातली एक गोष्ट सांगते, जी मला कळल्यापासून डोक्यातून जात नाही.

१८९७ मध्ये वऱ्हाडासाठी एक खास कायदा झाला. वऱ्हाड कापूस आणि धान्य बाजार कायदा. शेतमालाच्या बाजाराला नियम लावणारा हा देशातला पहिला कायदा मानला जातो. कारंज्यात तर १८८६ पासूनच असा नियंत्रित बाजार होता. वजन कसं करायचं, अडत किती, भाव कसा ठरायचा, सगळं लिहून ठेवलं. म्हणजे बघा, कापूस विकताना काय नियम पाळायचे हे वऱ्हाडात १८९७ मध्येच ठरलं. तोच कापूस रेच्यात घातल्यावर तिथल्या बाईने किती तास उभं राहायचं, याचा नियम यायला १९११ चा कायदा लागला. तो १ जुलै १९१२ पासून अंमलात आला आणि चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखाने तेव्हा कुठे कायद्याच्या आत आले.

आले, पण कसे? त्या कायद्याने बायांना रात्रपाळीची बंदी केली आणि लगेच जिनिंगला सूट दिली. १९२२ मध्ये माणसांचा आकडा २० वर आला, दिवसाला ११ तास, आठवड्याला ६० तास. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांना आठवड्याला ५४ तासांची मर्यादा आली, पण हंगामी कारखान्यांसाठी ६० तासच राहिले. कायदा दर वेळी एक पाऊल पुढे यायचा आणि जिनसाठी दाराची एक फळी उघडी ठेवायचा. कारण दर वेळी तेच: हंगाम थांबत नाही, कापूस पडून राहिला तर नुकसान होतं. त्यात खोटं काही नाही. कापूस खरंच थांबत नाही. पण बोटंही परत येत नाहीत.

या सगळ्यात १९२३ साली एक कायदा झाला, ज्याकडे आपल्याला परत यायचं आहे: कामगार नुकसानभरपाई कायदा. लोखंड्यांनी मागितलं त्यानंतर ३९ वर्षांनी. नाव लक्षात ठेवा.

आता कायदे तर व्हायला लागले. पण गेटच्या आत ते माहीत कोणाला? मुकादमाला नाही. मालकाला कळून फायदा नाही. कामगाराला वाचता येत नाही. मग आत कायदा नेणार कोण?

हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला तो व्हिटले कमिशनने. १९२९ मध्ये नेमलेलं हे कामगारविषयक रॉयल कमिशन. त्याचा अहवाल १९३१ चा. या लोकांनी देशभर फिरून पाहिलं की भरती आणि कामावरून काढणं हे मुकादम-जॉबरच्या हातात आहे आणि नोकरीसाठी, नोकरी टिकवण्यासाठी त्याला पैसे चारावे लागतात. त्याला शब्दच होता, दस्तुरी. कमिशनने सुचवलं की भरती त्याच्या हातून काढा आणि कारखान्यात लेबर ऑफिसर नेमा, कामगारांशी थेट बोलणारा, व्यवस्थापनात वजन असणारा. आपल्या एचआरच्या खुर्चीचा जन्म शोधायचा तर मी तो इथे धरीन.

कोणी म्हणेल, चांगले मालक आधीही होते की. होते. नागपूरची एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांची, १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू झाली. कायद्याच्या २८ वर्षं आधी! मला त्या मिलबद्दल खूप आदर वाटतो. पण ते मालकाच्या मनावर होतं. शेजारच्या मिलमध्ये मालकाचं मन वेगळं असेल तर कामगाराने काय करायचं? माझ्या जिनच्या मालकानेही दवाखान्याचं बिल भरलंच होतं. त्या बाईने विचारलं होतं ते दया कोणाची हे नव्हतं. तिचा हक्क काय, हे होतं.

आणि खुर्ची ठेवली तरी त्यावर बसणाऱ्याला शिकवणार कोण? १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं, तेच आजचं टिस. तिथून समाजकार्य शिकलेली मुलं-मुली गिरण्यांमध्ये कामगार कल्याणाच्या कामाला जाऊ लागली. १९४७ मध्ये मुंबई सरकारने बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट काढली. कामगार कायदे शिकवण्यासाठी काढलेली ती संस्था आज परळमध्ये आहे आणि तिचं आजचं नाव ऐका: नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था. ज्याने १८८४ मध्ये निवेदन लिहिलं, त्याच्या नावाच्या इमारतीत आज एचआरची मुलं कलमं शिकतात.

मधल्या काळात, १९४२ ते १९४६, व्हॉइसरॉयच्या मंडळात कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. आठवड्याचे ४८ तास, सरकार-मालक-कामगार यांना एका टेबलावर बसवणाऱ्या परिषदा, स्टँडिंग ऑर्डर्सचा १९४६ चा कायदा, म्हणजे नोकरीच्या अटी लेखी असल्याच पाहिजेत हा नियम, हे सगळं त्याच चार वर्षांतलं.

मग १९४८ चा फॅक्टरी कायदा. १ एप्रिल १९४९ पासून लागू. हंगामी आणि बारमाही हा तासांमधला फरक गेला, सगळ्यांना ४८ तास. आणि कलम ४९: ज्या कारखान्यात ५०० किंवा जास्त कामगार आहेत, तिथे वेल्फेअर ऑफिसर नेमलाच पाहिजे. त्याची पात्रता राज्याने नियमांनी ठरवायची. पदवी, त्यावर समाजकार्य किंवा कामगार कल्याणाचं शिक्षण. आणि मला सगळ्यांत आवडलेली अट अशी की कारखान्यातले बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती त्याला आली पाहिजे. विचार करा, ‘भेटन का’ म्हणजे काय हे ज्याला कळतं, तोच त्या खुर्चीवर बसायच्या लायकीचा.

पण पुन्हा आकडा आला. ५००. अकोल्याची सावतराम मिल, अचलपूरची विदर्भ मिल, अशा कापड गिरण्या त्या आकड्याच्या. त्यांच्या गेटच्या आत कायदा जाणणारा माणूस येऊ शकला. साठ-सत्तर माणसांच्या जिनमध्ये कुठून येणार? पुढे त्या गिरण्या आजारी पडल्या, १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेल्या आणि त्यांचा काळ सरला. जिन मात्र चालूच राहिले. म्हणजे वऱ्हाडात जिथे खुर्ची होती ती गिरणी गेली आणि जी कामं उरली तिथे खुर्ची कधी नव्हतीच.

त्याच १९४८ मध्ये ईएसआय कायदा झाला. आणि तिथे हंगामी कारखान्याला पुन्हा बाहेर ठेवलं. काकांचं वाक्य तिथून आलेलं. म्हणजे काकांच्या तोंडून १८८१ बोलत होतं म्हणा ना.

पुढे खुर्चीचं नाव बदलत गेलं. लेबर ऑफिसर, वेल्फेअर ऑफिसर, मग पर्सोनेल मॅनेजर, मग एचआर. नाव बदललं तसं शिक्षणही बदललं. समाजकार्याच्या जागी एमबीए आलं. भरती, मुलाखती, परफॉर्मन्स, मोटिव्हेशन. आमच्या अभ्यासक्रमात कामगार कायद्याचा पेपर होता. मी तो चांगल्या मार्कांनी पास झाले. कलम पाठ, साल पाठ. पण कोणी एकदाही असं विचारलं नाही की समोर दोन बोटं गेलेला माणूस उभा आहे, आता सांग!

आणि नोकरीत जे ट्रेनिंग मिळालं ते पोर्टलचं. चलन कसं बनवायचं, रिटर्न कोणत्या तारखेला भरायचं, इन्स्पेक्शन आलं तर कोणती फाइल वर ठेवायची. मस्टर रोज भरायचं असतं, तर मला पहिल्याच आठवड्यात सल्ला मिळाला, “कायले रोज लिहितं बापू, महिन्याच्या शेवटी एकाच दिवशी भरून टाकाचं.” एकाच पेनाने, एकाच अक्षरात, तीस दिवस. कागद पूर्ण, म्हणजे कंप्लायन्स पूर्ण. हे एकट्या माझ्या जिनमध्ये होत नव्हतं, हे तुमच्यापैकी जे या लाइनमध्ये आहेत त्यांना माहीत आहे.

एका कायद्याने मात्र वेगळी वाट धरली. १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आणि त्यानंतर २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, पॉश. इथे आकडा आहे १०. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. आणि दहापेक्षा कमी असतील तर? यावेळी फळी उघडी ठेवली नाही. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती आहे, शेतात, दुकानात, घरकामाला जाणाऱ्या बाईलाही तिथे तक्रार करता येते.

त्याहून मोठी गोष्ट कलम १९ मध्ये आहे. मालकाने कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने कार्यशाळा घ्यायच्या आणि समितीच्या सदस्यांना प्रशिक्षण द्यायचं. हा ऐच्छिक सल्ला नाही, मालकाचं कर्तव्य आहे. पाळलं नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड.

प्रशिक्षण नसलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यात घडलं. गोवा विद्यापीठातल्या २००९ च्या तक्रारींचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १२ मे २०२३ ला निकाल आला. समितीने चौकशी इतक्या घाईने उरकली होती की समोरच्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही, म्हणून न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि चौकशी नव्याने करायला सांगितली. चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर! तक्रार करणाऱ्या मुलींचं काय झालं असेल, याचा विचार करा. समितीचा हेतू वाईट नव्हता. पद्धत चुकली. त्याच निकालात न्यायालयाने देशभरच्या समित्या तपासायला आणि सदस्यांना नियमित प्रशिक्षण द्यायला सांगितलं.

आता माझ्या जिनकडे परत.

नोकरी सोडल्यावर २०२२ च्या पावसाळ्यात मी कामगार कायद्यांच्या एका छोट्या कार्यशाळेला गेले. शिकवणारे एक निवृत्त कामगार अधिकारी होते. त्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं: ‘लागू नाही’. आणि म्हणाले, हे अर्धं वाक्य आहे. ईएसआय लागू नाही, मग काय लागू आहे? जो एचआर दुसरं अर्धं सांगू शकत नाही, त्याने पहिलं अर्धं बोलू नये.

मला घाम फुटला.

दुसरं अर्धं असं होतं. ईएसआय नसेल तर १९२३ चा भरपाई कायदा लागू. काम करताना इजा झाली की जबाबदारी मालकाची. माणूस ठेकेदाराचा असला तरी कारखान्याच्या मालकाकडे भरपाई मागता येते. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची ताकद २० टक्के गेली असं कायद्याच्या तक्त्यातच लिहिलेलं आहे. हिशोब करू या. समजा पगार महिना १०,००० रुपये. त्याचे ६० टक्के, ६,०००. वय ३५ चा तक्त्यातला आकडा १९७.०६. गुणाकार ११,८२,३६०. त्याचे २० टक्के, २,३६,४७२ रुपये. मी त्या वहीत हा गुणाकार तीनदा केला. गेटवर उभ्या असलेल्या बाईला मी ‘लागू नाही’ म्हणाले होते, त्याची ही किंमत.

अजून एक. २०१७ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. कामावर घेतानाच कामगाराला त्याच्या भरपाईच्या हक्काची माहिती लेखी द्यायची, त्याला समजेल अशा भाषेत. दिली नाही तर तेव्हा दंड होता, किमान ५०,००० रुपये. म्हणजे तिने मला विचारायचीच वेळ यायला नको होती. त्याला कामावर घेतलं त्याच दिवशी ते सांगायला हवं होतं. आणि तो कागद बनवणं हेच तर माझ्या खुर्चीचं काम होतं.

भरपाईच्या अर्जाला मुदत तेव्हा दोन वर्षांची होती. अपघाताला तेव्हा आठ महिने झाले होते. चिठ्ठी माझ्या जुन्या डायरीत होती. फोन लावला. तिनेच उचलला. मी कोण हे सांगितलं तर म्हणाली, “हाव, ओळखलं ना मॅडम.” मी माफी मागितली, तिला ती फारशी नको होती. तिने एकच विचारलं, कागद कोणते लागतील. अर्ज मुदतीत दाखल झाला. प्रकरण अजून संपलेलं नाही, तारखा पडतात. संपलं की याच पॉडकास्टवर सांगीन.

आता शेवटचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुने कामगार कायदे चार संहितांमध्ये आलेत. भरपाईचा भागही आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. ईएसआय दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना, पण हंगामी कारखाने सोडून. हो, बरोबर ऐकलंत. ती फळी अजून उघडीच आहे. म्हणून वऱ्हाडातल्या जिनमध्ये दुसरं अर्धं माहीत असलेला माणूस आजही तितकाच लागतो.

तुमच्यापैकी खूप जण आत्ता एमबीए करत असाल, किंवा नांदगाव पेठच्या नाही तर अकोल्याच्या एमआयडीसीत पहिल्या नोकरीवर असाल. आज एकच काम करा. तुमच्याकडे मस्टरवर जी नावं आहेत, त्यातलं एक निवडा. ठेकेदाराचं असेल तर उत्तम. त्याला उद्या इजा झाली तर पैसे कोण देईल, किती देईल, अर्ज कुठे करायचा, हे कागदावर लिहून काढा. अडलात तर कोणाला तरी विचारा, लाजू नका. मी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि तुम्ही एचआर नसाल, कामगार असाल, किंवा तुमचे बाबा, काका जिनमध्ये जात असतील, तर हा भाग त्यांना नक्की ऐकवा. ‘लागू नाही’ असं कोणी म्हटलं, तर पुढचं तुम्ही विचारा: मग काय लागू आहे?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, राजेहो.